एन. मुनी, मुक्काम वैकुंठ

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढं त्या चुकीला कॉम्प्युटर भेटला, साहेब भेटले, परदेशी पाहुणे भेटले आणि ती वाढत वाढत वैकुंठापर्यंत गेली. पण बी माझ्याच हातचं.

मी तुलाराम. एकोडीला माझं किराण्याचं दुकान आहे आणि बावीस वर्षं झाली, मी इश्वरबुवांच्या मागे पेटी धरतो. दुकान पोटासाठी, पेटी जिवासाठी. इश्वरबुवा म्हणजे दोन एकरांचे धानकरी, भात पिकवणारे. दिवसा गुडघाभर चिखलात, आणि कीर्तनाच्या दिवशी धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं. त्यांच्यासारखा गळा मी दुसरा ऐकला नाही. नमनाचा पहिला सूर लागला की मारुतीच्या देवळातले उंदीरसुद्धा खोबरं सोडून थांबतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

कीर्तनाची एक रीत आहे. बुवा जिथं उभे राहतात तिथं लाल आसन अंथरतात. ती नारदाची गादी. तिच्यावर जो उभा, तो तेवढा वेळ नारद. बुवांचे वडील डोमाजी हयात होते तेव्हा मध्यंतरात येऊन पोटच्या पोराच्या पायावर डोकं ठेवायचे, कपाळी बुक्का लावायचे, डोळे पुसायचे. आरती झाली, गादी गुंडाळली, की देवळाच्या पायरीवरूनच ओरडायचे, "इश्वऱ्या, म्हशीले पानी पाजाले कोन जाईल? तुहा बाप?" आणि मघाचे नारद खाली मान घालून म्हशीकडं जायचे. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. गादी ती गादी, म्हैस ती म्हैस.

आमचं दुखणं होतं तलावाच्या तुडुमाचं. तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीत बसवलेली दगडी मोरी. तिचं लाकडी बूच काढलं की पाणी बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत जातं. आमचा तलाव मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळचा. मालगुजार गेले, तलाव सरकारजमा झाला, आणि पंच्याऐंशी साली तुडुम आतून ढासळून बुजलं. तलाव तुडुंब, त्यात शिंगाडे, कमळं, बगळे मजेत. आणि पाळीखाली शंभर पावलांवर धान वाळून चाललेला. अकरा अर्ज केले. अकराही वेळा एकच उत्तर आलं, की वरून मंजुरी यायची आहे. वर म्हणजे कुठं, ते मात्र कोणी सांगेना.

सगळ्यांत शेवटची बांधी कुंताबाईची. एकटी बाई, जिभेला विळ्याची धार. दोन सालं तिचा धान लोंबीवर येऊन करपला. संक्रांतीच्या कीर्तनानंतर तिनं बुवांना देवळाच्या पायरीवरच गाठलं.

"बुवाजी, तुमच्या कीर्तनात गंगा सोर्गातून खाली येते. मंग आमच्या तलावाचं पानी शंभर पावलं काहून येत नाही जी?"

ती तेवढ्यावर थांबली नाही.

"यंदा नाही आलं त मी बांधी पडीत टाकतो अन् पोरीच्या गावाले जातो. जावयाच्या दारात बसून तुमचं कीर्तन आठवीन."

त्या दिवशी बुवा जेवले नाहीत. मला म्हणाले, "तुलाराम गा, लोकाइले तारनारी गोष्ट सांगतो मी, अन् एका बाईची बांधी भिजवता येत नाही मले."

आणि त्याच आठवड्यात, जानेवारी अठ्ठ्याऐंशीत, तो फॉर्म आला.

नागपूरचं कोणतंसं 'जलचिंतन प्रतिष्ठान' भंडाऱ्याला आंतरराष्ट्रीय परिषद भरवत होतं. विषय, 'प्राचीन तलाव आणि एकविसावे शतक'. सिंचनाचे मोठे सचिव समारोपाला येणार होते. खाली बारीक अक्षरांत, 'ग्रामीण प्रतिनिधींनीही आपले विचार मांडावेत. सर्व नोंदणी कॉम्प्युटरद्वारे.' त्या दिवसांत कॉम्प्युटर हा शब्द लोक असा उच्चारत, की आधी हात धुऊन घ्यावेत. बुवांनी ठरवलं, सचिवांच्या समोर कीर्तन करायचं आणि भर सभेत तुडुमाचा शब्द घ्यायचा. अर्ज टेबलावर पडून राहतो. गादीपुढं दिलेला शब्द आमच्याकडं कोणी परत घेत नाही.

फॉर्म भरायला मी बसलो, कारण गावात इंग्रजी पत्ते लिहायचा सराव मला. बुवा म्हशीचं दूध काढत होते.

"बोलनाऱ्याचं नाव का लिहू, बुवा? तुमचंच ना?"

"कीर्तनातूनच सांगाचं हाये ना?"

"हो जी."

"मंग माहं नाव कायले? गादीवर मी कुठं बोलतो गा? ज्याची गादी त्याचं लिही."

मला ते इतकं पटलं की अंगावर काटा आला. दुकानात जाऊन नवीन निब काढलं आणि मराठीत, इंग्रजीत, सुंदर अक्षरांत लिहिलं. नाव: देवर्षी नारद मुनी. राहण्याचं ठिकाण: वैकुंठ. वैकुंठाला जिल्हा नाही, राज्य नाही, म्हणून ते रकाने कोरे सोडले. 'मार्फत'ला रकानाच नव्हता, म्हणून कोपऱ्यात तिरकं लिहिलं: मार्फत इश्वरबुवा, एकोडी. आणि मनातल्या मनात हात जोडून पाकीट डाकेत टाकलं.

*

मार्च उजाडला. परिषदेच्या सकाळी आम्ही तिघं लाल डब्यातून भंडाऱ्याला उतरलो. बुवा, पेटी घेतलेला मी, आणि काखेत गादीची वळकटी घेतलेली कुंताबाई. "माह्या बांधीची गोष्ट हाये, मी येतो," म्हणून तीही निघाली होती.

परिषद एका कॉलेजात होती. दारातून आत गेलो तर एका खोलीबाहेर चपलाबुटांचा ढीग. मला वाटलं देव मांडला आहे. बुवांनीही वहाणा काढल्या. आत पाहतो तर कॉम्प्युटर! गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला कुंकू. खोलीत थंडी पाडायचं यंत्र घरघरत होतं. बाहेर मांडवात परदेशी पाहुणे घाम पुसत बसलेले, आणि इथं एकटा कॉम्प्युटर गारव्याला. त्याची सेवा करणारे खुशालराव नावाचे नागपूरचे गृहस्थ टाय लावून, पण अनवाणी, आसनावर होते.

"चपला काढल्या ना? इसको धूळ नहीं चलती," ते म्हणाले.

"बराबर हाये," कुंताबाई म्हणाली. "धूळ आमालेच चालते."

खुशालरावांनी बटणं दाबली. "इश्वर, एकोडी. नाही. बुवा, नाही. तुमची नोंदणी नाही."

"फॉरम भरला होता जी," मी म्हणालो.

"कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे नाही. तो चुकत नाही."

तेवढ्यात प्रतिष्ठानचे अध्यक्ष भैय्याजी धावत आत आले. सफारी सूट, छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर आणखी एक बिल्ला. "खुशाल, तो सातवा आला का रे? सहा पाहुणे आले. सोनेगाव विमानतळावर गाडी सकाळी पाचपासून उभी आहे. ड्रायव्हर पाटी धरून धरून थकला. हा एन. मुनी आहे तरी कुठल्या देशाचा?"

खुशालरावांनी कागद फाडून दिला. कडांना भोकं पाडलेला, लांबच लांब कागद. भैय्याजींच्या हातातून मला दिसलं. सात परदेशी प्रतिनिधी. सर्वांत शेवटी: एन. मुनी. देश: वैकुंठ. निवास: विश्रामगृह, थंड खोली. भोजन: शाकाहारी.

मी बुवांच्या कानात सांगितलं. आणि ते होते तसेच सरळ, त्यांनी लगेच सगळं सांगून टाकलं. गादी, नारद, कोपऱ्यातलं 'मार्फत', सगळं.

खुशालराव कपाळाला हात लावून म्हणाले, "जिल्ह्याचा रकाना रिकामा होता. राज्याचाही. मग कॉम्प्युटरनं परदेश धरलं. कोपऱ्यातलं तो घेत नाही."

"पन बापू, तुमी वैकुंठ वाचलं नाही का?" कुंताबाईनं विचारलं.

"वाचायचं काम माझं नाही, बाई. मी फक्त भरतो. वाचतो कॉम्प्युटर."

"अन् समजते कोनाले?"

खुशालरावांनी स्क्रीनकडं पाहिलं. तसा रकाना नव्हता.

मला वाटलं भैय्याजी आता आम्हाला हाकलणार. पण त्यांचा चेहरा निराळ्याच हिशेबात होता. "म्हणजे हे नाव काढलं तर देश सहाच राहतात," ते स्वतःशीच पुटपुटले. "आणि सात देश असतील तरच परिषद आंतरराष्ट्रीय. छापून गेलंय, मंत्रालयात कळवलंय." मग त्यांनी बुवांचे दोन्ही हात धरले. "बुवा, तुम्ही बोला. जरूर बोला. चार वाजून दहा मिनिटांनी. सात मिनिटं. पण नाव बदलायचं नाही."

"नाव त बराबरच हाये, साहेब," बुवा म्हणाले. "मानूस बराबर नाही."

"माणसाचं एवढं काही नसतं," भैय्याजी म्हणाले.

खुशालरावांनी बुवांच्या छातीवर 'एन. मुनी' लिहिलेला बिल्ला लावायला हात पुढं केला. बुवा मागं सरले. "गादीच्या खाली मी इश्वर डोमाजी हावो. त्याचं नाव मी नाही लावून घेत." शेवटी कुंताबाईनं बिल्ला घेतला आणि गादीच्या वळकटीला टोचून टाकला. दिवसभर ती वळकटी परदेशी पाहुण्यांच्या रांगेत, सातव्या खुर्चीवर, बिल्ला लावून बसली. दुपारी तिच्यापुढं कोणीतरी चहाही ठेवून गेलं.

परिषद मी मन लावून ऐकली. भैय्याजींनी पाऊण तास कॉम्प्युटरचा महिमा सांगितला. आमच्या गावात पोथीलासुद्धा एवढी फलश्रुती नसते. ते म्हणाले, एकविसाव्या शतकात परिषदेला माणसानं यायची गरजच राहणार नाही. एकोडीचा शेतकरी एकोडीत, लंडनचा तज्ज्ञ लंडनमध्ये, आणि दोघांचे कॉम्प्युटर आपापसांत बोलून ठराव करतील.

"मंग चहा कोन पिईल?" कुंताबाईनं मला विचारलं. आवाज तिचा बारीक नव्हता. चार ओळी हसल्या.

ठराव तर आधीच झाले होते. प्रत्येकाच्या पिशवीत सतरा ठरावांचा छापील कागद होता, 'सखोल चर्चेअंती सर्वानुमते संमत'. मी शेजारच्या प्राध्यापकांना विचारलं, "अजी, चर्चा त आता चालू होऊन राहिली ना?" ते म्हणाले, "छपाईला वेळ लागतो हो. चर्चेला काय, ती कधीही करता येते."

तज्ज्ञ एकामागून एक येत आणि सात मिनिटं बोलत. सात झाली की व्यासपीठाच्या कडेला आणून ठेवलेलं दुसरं यंत्र 'टींऽऽ' असं ओरडे, आणि बोलणारा जिथं असेल तिथंच तुटे. एका पाहुण्याचं वाक्य 'आणि म्हणून धरण फुटू नये यासाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे' इथं तुटलं. सर्वांत महत्त्वाचं काय, ते अजून कोणालाच माहीत नाही. टाळ्या मात्र पडल्या.

*

चार वाजून दहा मिनिटं. "मिस्टर एन. मुनी, वैकुंठ!"

सचिवसाहेबांनी शेजारच्याला विचारलं, "हा देश कुठं आला हो?" शेजारच्यानं वर बोट केलं. साहेबांना वाटलं, उत्तरेकडं असेल.

बुवा उठले. कुंताबाईनं व्यासपीठावर गादी अंथरली, बिल्ल्यासकट. मी पेटी उघडली. बुवा गादीपाशी थबकले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, इथं नारदाची गादी हाये. समोर बूट घालून बसत नाही आमच्याकडं. कॉम्प्युटरच्या खोलीत सकाळी सगळ्याइनंच काढले होते, म्हनून सांगाची हिंमत करतो."

सगळ्यांत आधी जपानचे म्हातारे इंजिनिअर वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडू लागले. ते पाहून सचिवांनाही वाकावं लागलं. साहेबांच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते त्यांनी दुसऱ्या पायाखाली लपवलं. त्या क्षणापासून मला ते साहेब आवडू लागले.

बुवा गादीवर चढले, डोळे मिटले, नमनाचा सूर लागला. आणि काय सांगू! त्या हॉलचे पंखेसुद्धा हळू झाल्यासारखे वाटले. मग त्यांनी स्वतः रचलेला अभंग घेतला:

भरला तलाव । कोरडी ही बांधी ।
सांग कृपानिधी । न्याय कैसा ॥
धोंडा एक आड । दोहोंच्या मधात ।
हलवी तो हात । देव माझा ॥

मग आख्यान. नारद तिन्ही लोक हिंडत एकोडीला उतरतो. पाळीच्या एका अंगाला पाणी पाहतो, दुसऱ्या अंगाला तहान पाहतो, आणि तसाच वैकुंठाला जातो. म्हणतो, देवा, तुझं पाणी अन् तुझा धान शेजारी राहतात, मग एकमेकांशी बोलत काहून नाहीत? देव म्हणतो, नारदा, मधला धोंडा काढायचा हुकूम मी कधीच काढला. कागद खाली पोचला नसेल.

सगळा हॉल हसला. सचिव सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि मग एकदम थांबले. दुभाष्यानं सांगितल्यावर एक मिनिटानं परदेशी पाहुणे हसले, तेव्हा साहेबांना दुसऱ्यांदा हसताही येईना.

आणि तेवढ्यात 'टींऽऽ'.

भैय्याजींनी हातवारे सुरू केले. खुशालराव यंत्रावर वाकले. पण कीर्तन आरतीवाचून मोडत नाहीत. तो अपशकुन. बुवांनी क्षणभर कान दिला आणि मला म्हणाले, "तुलाराम, काळी चार हाये. धर." मी पेटीवर तो सूर धरला. खरोखर काळी चार! बुवांनी त्या 'टीं'लाच षड्ज केलं आणि विठ्ठलाचा गजर सुरू केला. यंत्र ओरडत राहिलं, सभागृह टाळ्या धरत राहिलं, आणि यंत्र बंद करायचं बटण कुठं आहे ते खुशालरावांना शेवटपर्यंत सापडलं नाही. मी बावीस वर्षांत शेकडो तंबोरे ऐकले. इतका न थकणारा एकही नव्हता.

गजर झाला, आरती झाली, तेव्हा बुवा गादीवरूनच सचिवांकडं वळले. आवाज अगदी खाली आणला. "साहेब, ही बाई बसली हाये. शेवटची बांधी हिची. दोन सालं करपली. गादी काही मागत नाही, फक्त शब्द मागते."

सचिव उठले. बिनबुटाचा साहेब उठतो तेव्हा तो माणसासारखा उठतो. म्हणाले, "मृगाच्या आधी एकोडीचं तुडुम दुरुस्त होईल. माझा शब्द." कुंताबाईनं त्यांच्या कपाळाला बुक्का लावला. भैय्याजी ओरडले, "खुशाल, टाक, टाक! अठरावा ठराव!"

येताना लाल डब्यात कुंताबाईनं गादीची वळकटी शेवटपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

*

मे महिन्यात तालुक्याच्या सिंचन कार्यालयातून बोलावणं आलं. तिथले बाबू टिकाराम, एकादशी न चुकवणारे, कीर्तनात नेहमी पहिल्या ओळीत बसणारे. आमच्याकडं पाहून त्यांना आनंद झाला आणि दुःखही झालं.

"मंजुरी आली हाये, बुवाजी. ठेकेदार तयार, माल तयार. पन हे पाहा."

भोकं पाडलेला तोच लांब कागद. 'ठराव अठरा. एकोडी तलाव, तुडुम दुरुस्ती. मंजूर. अर्जदार: एन. मुनी, वैकुंठ. अर्जदाराने समक्ष येऊन सही केल्यानंतर काम सुरू करावे.'

"हे नाव खोडून बुवांचं लिहा ना," मी म्हणालो.

"हातानं खोडता येत नाही, तुलारामभाऊ. कॉम्प्युटरचा कागद हाये. खोडलं त मंजुरीच रद्द."

मी नागपूरला खुशालरावांकडं गेलो. ते म्हणाले, ती माहिती एका काळ्या चकतीत आहे, आणि चकती घेऊन भैय्याजी परदेशी परिषदेला गेले आहेत. तिथं ते 'ग्रामीण प्रश्नावर कॉम्प्युटरने साधलेले यश' म्हणून एकोडीचं तुडुम दाखवणार आहेत. "नाव पुढच्या परिषदेत दुरुस्त होऊ शकेल," खुशालराव म्हणाले. "नव्वद साली."

मृगाला बारा दिवस उरले होते. एकदा पाऊस लागला, तलाव भरला, की तुडुमाला हात लावता येत नाही. ते साल गेलंच.

मी बुवांच्या पाया पडलो. म्हणालो, चूक माझी, पण तुम्ही सही करून टाका, कोण विचारतो? बुवा म्हणाले, "मी इश्वर हावो. नारदाची सही इश्वरनं केली, त खोटी झाली. तलावासाठी बी मी खोटी सही नाही करत. मंग कोन्या तोंडानं गादीवर उभा राहू?" माझ्या दुकानात कुंताबाई गोणपाट आणि सुतळी घ्यायला आली तेव्हा मी विचारलंच नाही, कशाला हवं. भांडी बांधायला हवं होतं, हे दिसत होतं.

सुतळी मोजता मोजता मी तिला बुवांचं उत्तर सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिनं गोणपाट परत माझ्या फळीवर ठेवलं.

"गादीच्या खाली इश्वर. अन् गादीच्या वर?"

"वर त नारदच."

"मंग गादी कोन्या देवळाले बांधली हाये का? उचला ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, कार्यालय उघडायच्या वेळी, आम्ही एकोडीची साठेक माणसं त्यांच्या आवारातल्या कडुलिंबाखाली पोचलो. कुंताबाईनं गादी अंथरली. बिल्ला अजून तिला टोचलेलाच होता. बुवांनी नमन धरलं. आधी शिपाई आला, मग बाबू आले, मग मोठे साहेब खिडकीत आले, आणि दोन अभंगांनंतर खाली आले. सगळ्यांनी चपला काढल्या. कोणाला सांगावं लागलं नाही.

मध्यंतर झालं. रीतीप्रमाणं टिकारामबाबू पुढं झाले, बुवांना बुक्का लावला, पायांवर डोकं ठेवलं.

"बाबू," कुंताबाई म्हणाली, "कोनाच्या पाया पडले जी?"

"नारदाच्या, माय. दुसऱ्या कोनाच्या?"

"समक्ष?"

टिकारामबाबू वाकलेले होते ते तसेच राहिले. मग त्यांनी वर बुवांकडं पाहिलं, गादीवरच्या बिल्ल्याकडं पाहिलं, आमच्या साठ जणांकडं पाहिलं आणि शेवटी साहेबांकडं पाहिलं. साहेब कडुलिंबाचा शेंडा न्याहाळत होते. बाबू उठले, अनवाणीच आत गेले आणि फाईल, पेन घेऊन आले.

बुवांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला पेटीपाशी ऐकू आलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. मग त्यांनी सही केली. अक्षर त्यांचंच, वाकडं. देवानं हात उसना घेतला तर वळण हाताचंच येणार.

आरती झाली, गादी गुंडाळली. आम्ही निघणार तोच बाबू पुन्हा धावत आले. "बुवाजी, एक राहिलं. एन. मुनींनी समक्ष सही केली, याले एक साक्षीदार लागते."

बुवांनी वहाणा घातल्या, फाईल घेतली आणि खाली सही केली: इश्वर डोमाजी, एकोडी. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

*

मृगाच्या दोन दिवस आधी तुडुम बांधून झालं. भादव्यात पावसानं पाठ फिरवली, तेव्हा पंचांसमोर बूच काढलं आणि पाणी पहिल्या बांधीतून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या बांधीत उतरत चाललं. आम्ही त्याच्या बरोबरीनं धुऱ्यावरून, बांधाबांधानं चालत गेलो. शेवटच्या धुऱ्यावर कुंताबाई उभी होती, पदर खोचून, जशी पोरीची वरात पाहायला उभी राहावी.

त्याच आठवड्यात माझ्या दुकानात एक पाकीट आलं. वर छापलेलं 'एन. मुनी, वैकुंठ', आणि खाली खुशालरावांच्या हातचं 'मार्फत तुलाराम, एकोडी'. प्रतिष्ठानचं होतं. एन. मुनींच्या मौलिक विचारांबद्दल आभार, आणि नव्वद सालच्या परिषदेचा नवा फॉर्म. या वेळी माणसानं यायची गरज नव्हती, नुसते रकाने भरून पाठवायचे होते. देशातील तलावांची संख्या. कॉम्प्युटरची संख्या. सूचना.

"का लिहू?" मी कुंताबाईला विचारलं. ती मीठ घ्यायला आली होती, पाय अजून चिखलाचे.

"लिहा, पानी पोचलं."

मी फॉर्म उलटसुलट पाहिला. त्याला रकाना नव्हता. मग मी ते कोपऱ्यात लिहिलं, तिरकं, जिथं कॉम्प्युटर वाचत नाही तिथं.